राजाच्या नाकावरचं कुंकू

"अरे कडेला! कडेला घास, गाढवा! राजाचं नाक चपटं करून ठेवलंस तर लोक म्हणतील, मास्तरांनी देवघरात पैलवान बसवलाय!"

अण्णा ओटीवरून ओरडत होते आणि मी मागीलदारी विहिरीच्या कट्ट्यावर बसून आमसुलाच्या चोथ्याने इंग्लंडच्या राजाचं तोंड घासत होतो. माझ्या वडलांचा आवाज काय चीज होती, हे आता कोणाला सांगून पटायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी करून त्यांनी तो कमावला होता. ते आमच्या वाडीत 'चूप' म्हणाले की तिकडे दाभोळच्या खाडीत होड्या डुलायच्या थांबत. बरं, थोडं कमी करा हवं तर. पण त्या आवाजाने आमच्या म्हशीने पान्हा चोरलेला मी स्वतः बघितलाय, त्यात एका शब्दाची भर नाही.

सकाळ दसऱ्याची. आई चुलीपाशी तांदळाची खीर ढवळत होती, नव्या तांदळाचा वास पडवीपर्यंत आला होता, गोठ्यात राणी म्हैस मान हलवत होती आणि तिच्या गळ्यातल्या घाटीवर, म्हणजे घंटेवर, बांधलेली तांब्याच्या रंगाची चकती 'टण्ण, टण्ण' वाजत होती. त्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालो. आमच्याकडे म्हशी बदलल्या, दावी बदलली, पण घाटी आणि चकती तीच राहिली. कुठून आली असं कधी कोणी विचारलं नाही. परवा दवाखान्याच्या पलंगावर, छातीला वायरी चिकटवून पडलो होतो तेव्हा शेजारच्या यंत्राची टिकटिक ऐकून मला पहिल्यांदा ती चकतीच आठवली, आणि म्हटलं, बाबा रे, बाकीच्या थापा राहू देत, ही एक गोष्ट तेवढी लिहून टाक.

तर राजा. म्हणजे मेडल. पहिल्या महायुद्धातलं, चांदीचं, तळहाताच्या खळग्यात नेमकं बसेल एवढं. एका बाजूला इंग्लंडचा राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक बाप्या, अंगावर सूतभर कापड नाही. त्यामुळे आई ती बाजू कायम ताम्हनात पालथी ठेवायची. राजा बसायचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधे. रोज त्याला फूल, आणि दसऱ्याला आमसूल, राख, मग पाणी, मग हळदकुंकू. राजाचं तोंड एका अंगाने असल्याने कपाळ सापडायचं नाही, म्हणून कुंकू दरवर्षी नाकावर. पण हे पहिलं कुंकू आमच्या घरातलं कोणी लावायचं नाही. ते लावायला खालच्या वाडीतून द्वारकाआजी यायची. "राघोजी आजोबांनी घालून दिलेली रीत आहे," एवढंच अण्णा सांगायचे. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

राघोजी म्हणजे अण्णांचे आजोबा, माझे पणजोबा. पलटणीतून इराकात बसऱ्याला गेले आणि मेडल घेऊन परत आले. अण्णांच्या सांगण्यात त्यांनी टायग्रिस नदीच्या काठी एकट्याने सात तुर्क धरले होते. मी ती गोष्ट हातात घेतली तेव्हा तुर्क सतरा झाले. मी तेव्हा बी.ए. होऊन रत्नागिरीत एका एसटीडी बूथवर बसायचो. लाइन लागेपर्यंत बाकड्यावर खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना काहीतरी सांगायला हवं ना? माझे पणजोबा पाठीवर तोफ बांधून टायग्रिस पोहून गेले, दोन्ही काखांत एकेक तुर्क, आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाले, पाणी जरा गारच होतं. मांडवीची एक कोळीण ही गोष्ट ऐकण्यापायी आपला फोन तीनदा कापू द्यायची. खोटं वाटेल, पण खोटं सांगायला मी तोफेवर थांबलो असतो का?

आता द्वारकाआजीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय ह्या गोष्टीला कणाच नाही. तिचा बाप सोनू राघोजींच्याच बरोबरचा. एकाच दिवशी दोघे पलटणीत भरती झाले, एकाच बोटीने बसऱ्याला गेले. राघोजी परत आले, सोनू आला नाही. वाडीने राघोजींना घेरलं तेव्हा ते हसून म्हणाले म्हणे, "सोन्याचं काय इचारता? त्यानं तितं खजुराची बाग घेतलीन, बाई ठेवलीन. मजेत हाय." झालं. तेव्हापासून सोनू 'पळपुटा सोनू'. त्याची बायको रखमा तेव्हा विशीतली. तिने मरेपर्यंत ठसठशीत कुंकू लावलं, हातभर बांगड्या घातल्या, गावच्या प्रत्येक हळदीकुंकवाला गेली. नवरा पळाला असला तरी आहे ना, मग सवाष्णच की. वर्षातून चारेक वेळा ती पायी रत्नागिरीला भगवतीच्या दर्शनाला जायची, छोट्या द्वारकीला बोटाला धरून. द्वारकीने बाप बघितलाच नव्हता. तिची दोनदा सोयरीक जुळली आणि दोनदा मोडली. पळपुट्याची पोर कोण करणार? तिने मग लग्नाचं नाव काढलं नाही. आई गेली, आणि ही खालच्या वाडीच्या टोकाला एकटी, दोन आंब्यांची झाडं, एक काळी छत्री आणि तोंडात मिश्री, अशी म्हातारी झाली.

त्या वर्षी कारगिल होऊन गेलं होतं. गावोगाव सैनिक म्हटलं की लोकांचे डोळे भरायचे. आमच्या गावाने ठरवलं, शाळेपुढे झेंड्याच्या खांबाशेजारी जांभ्याचा चौथरा बांधायचा, त्यावर काळ्या दगडाची शिळा, आणि गावातून पलटणीत गेलेल्या सगळ्या जुन्या माणसांची नावं. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. समितीचे अध्यक्ष अण्णा, शिळेवर सर्वांत वर नाव राघोजींचं. अण्णांना सगळं शिस्तीत हवं होतं. नावापुढे नंबर, हुद्दा, पलटण. पण राघोजींचे कागद वाळवीने कधीच फस्त केले होते. "मेडलच्या कडेवर नंबर असतो," अण्णा म्हणाले. "घासून काढ आणि उतरवून आण."

म्हणून तो सगळा आरडाओरडा. मी कड घासत असतानाच द्वारकाआजी आली. ऐंशीच्या पुढची, पण काठी नाही, छत्रीच टेकत चालायची. मी राजा धुऊन ताम्हनात ठेवला, ती समोर बसली, राजाच्या नाकावर कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. आईने खिरीची वाटी पुढे केली, तर नेहमीसारखं "नको गो, पोट भरलाय." ती आमच्याकडे कधी काही खायची नाही. अण्णांनी मोठ्या मनाने तिला शिळेचं आमंत्रण दिलं.

"माजं काय काम तितं?" ती म्हणाली.

आणि मी, आमसुलाने बरबटलेल्या हातांनी, ओटीवर बसलेल्या चार पाहुण्यांसमोर म्हटलं, "खरंच की आजी! तुझ्या बापाचं नाव खजुराच्या पेटीवर असेल, शिळेवर कसलं?"

हशा झाला. माझ्या विनोदांना हशा व्हायचाच. द्वारकाआजीने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, वाईट वाटून नाही, दारातल्या कोंबडीकडे बघावं तसं. मग छत्री उचलून निघून गेली. अण्णाही हसले होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे ते मला म्हणायचे की ते हसले नव्हते.

कड काही मला वाचता आली नाही. नंबर धूसर, बाकी गुळगुळीत. मेडल रुमालात गुंडाळून मी रत्नागिरीला सुभेदारकाकांकडे नेलं. ते पलटणीतून निवृत्त होऊन मांडवीत राहायचे आणि जुन्या शिपायांची माहिती काढून द्यायचा त्यांना नाद होता. कोणाच्या आजोबांची पेटी, कोणाच्या काकाचा फोटो, कोणाचं फाटकं डिस्चार्ज बुक. घरभर दोऱ्याने बांधलेल्या फायली. माझ्या बूथवरून ते पलटणींच्या दप्तरखान्यांना फॅक्स करायचे, तेवढीच आमची ओळख. त्यांनी भिंग लावलं, मग भिंग ठेवून कडेवर पातळ कागद गुंडाळला आणि त्यावर पेन्सिल आडवी फिरवली, आम्ही लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. कागदावर आकडे उठले. मग सिपाई. मग नुसतं पांढरं. मग पलटणीची अक्षरं.

"मधे नाव असतं," सुभेदारकाका म्हणाले. "घासताना अंगठा कुठे धरता तुम्ही?"

मी मेडल हातात घेऊन दाखवलं. माझा अंगठा त्या गुळगुळीत जागेवर असा जाऊन बसला, जणू ती त्याच्यासाठीच केली होती. चार पिढ्यांनी दसऱ्या-दसऱ्याला भक्तिभावाने धरून नाव पुसून टाकलं होतं.

"हरकत नाही. नंबर आहे म्हणजे माणूस आहे," ते म्हणाले. "नंबर कधी फुशारकी मारत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं कोण जाणे. माझी तोफेची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असावी.

तिकडून खात्री होईपर्यंत नंबर दगडावर कोरू नका, असं बजावून त्यांनी दप्तरखान्याला पत्र लिहिलं. नंबर दिला, गाव दिलं, वर राघोजींचंही नाव दिलं. पत्राला उत्तर येईना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. इकडे चौथरा उभा राहिला. चिपळूणहून कारागीर आला आणि शाळेच्या पडवीत छिन्नीची टिकटिक सुरू झाली. अण्णा दिवसातून चार वेळा जाऊन उभे राहायचे. राघोजींच्या ओळीत त्यांनी 'सिपाई'च्या पुढे 'बसऱ्याचा वीर' असं स्वतःच्या अखत्यारीत कोरून घेतलं आणि नंबरापुरती जागा मोकळी ठेवायला सांगितली. संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भाकरी खाताना ते आईला म्हणायचे, "सगळ्या तालुक्यात असं नाव नाही." आई म्हणायची, "पिठी निवतेय."

सव्वीस तारखेला सहा दिवस राहिले असताना सुभेदारकाका स्वतः बूथवर आले. एरवी माणूस बाकड्यावर ऐसपैस बसायचा, त्या दिवशी उभाच राहिला. एका गिऱ्हाइकाचं दुबईला बोलणं चाललं होतं, ते संपेपर्यंत थांबला, मग शटर अर्धं ओढायला सांगितलं. पाकिटातून दोन कागद काढले.

पहिल्या कागदावर मेडलवरचा नंबर होता. त्या नंबराचा सिपाई टायग्रिसच्या काठच्या लढाईत बेपत्ता झाला, पुढे मृत धरला गेला. त्याचं चांदीचं मेडल वारसाला पोचवण्यासाठी त्याच गावच्या राघोजींच्या ताब्यात दिलं, पोच मिळाली. नाव, सोनू. गाव, आमचं.

दुसरा कागद राघोजींचा. लंगरी. म्हणजे पलटणीच्या लंगरात रोट्या भाजणारा. वर्तणूक चांगली. मेडल, ब्राँझचं.

"लढणाऱ्यांना चांदीचं, लंगरी-पखालवाल्यांना ब्राँझचं," सुभेदारकाका शांतपणे म्हणाले. "आकार तोच, छाप तोच. तुमच्या घरात असेल कुठेतरी. तांब्यासारखं दिसतं."

मला बूथच्या भिंतीवरचं मीटर दिसेनासं झालं. कानात फक्त 'टण्ण, टण्ण'.

"आणि सोनूच्या बायकोला कळवलं होतं का?" मी विचारलं.

"ते कागद वेगळ्या दप्तरात. ह्यात नाही. पोरा, घरी जाऊन वडलांना सांग. आजच सांग."

घरी गेलो तो थेट गोठ्यात. राणीच्या मानेखाली हात घातला. तिने जीभ माझ्या कानात घातली, पण मी चकती सोडली नाही. दोन्ही तोंडं झिजून चपटी झालेली. पण कडेला कोणी कधी आमसूल लावलं नव्हतं, कोणाचा अंगठा लागला नव्हता. नखाने शेणामातीचा थर खरवडला तर आत अक्षरं जशीच्या तशी, काल ठोकल्यासारखी. राघोजी. माझ्या पणजोबांनी स्वतःचं मेडल गुराच्या गळ्यात बांधलं होतं आणि सोनूचं देवात ठेवलं होतं.

अण्णांना मी सांगितलं नाही. ज्याने सतरा तुर्क चुटकीसरशी मारले, त्याला दोन कागद वडलांपुढे धरवेनात. मी ते तांदळाच्या पिंपात, अगदी तळाशी खुपसले आणि तीन दिवस घरात असा वावरलो की जणू पिंपात नाग आहे. अण्णा विचारायचे, "आला का रे नंबर?" मी म्हणायचो, "टपाल उशिरा येतंय." ते म्हणायचे, "कारागीर खोळंबलाय." रोज आई पिंपात पायली घालायची आणि रोज मी तिचा हात किती खोल जातो ते बघत बसायचो. शिळेसाठी पाहुणे येणार म्हणून तिने चौथ्या दिवशी सगळेच तांदूळ उपसले.

"तांदळात हे काय ठेवलंस रे?"

अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांनी चष्मा लावला. पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. पुन्हा पहिला. झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या. मी वाट बघत होतो की आता आवाज येईल, कौलं उडतील, दाभोळपर्यंत ऐकू जाईल. आवाज आलाच नाही. माझ्या आयुष्यात अण्णांची भीती मला खरी त्या दिवशी वाटली.

चष्मा काढून म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तुला खोदत बसायला?"

"तुम्हीच."

"नंबर आण म्हटलं होतं. माणूस आण म्हटलं नव्हतं." मग आवाज चढला. "परवा उद्घाटन आहे! दगड कोरून झालाय! सभापती येतायत! मी काय सांगू लोकांना, की माझे आजोबा रोट्या भाजत होते आणि दुसऱ्याचं मेडल देवात घालून पूजत होते? चोर म्हणतील आपल्याला. चोर!" त्यांनी कागद मुठीत चुरगाळले. "उद्घाटन होऊ दे. मग शांतपणे बघू. एवढी वर्षं गेली त्या बाईची, अजून महिनाभराने काय बिघडतंय?"

"आणि महिनाभरात ती गेली तर?" माझ्या तोंडून निघालं. "पळपुट्याची पोर म्हणूनच जाईल. दसऱ्याला मी तिला ओटीवर हसलो, अण्णा. तुम्हीही हसलात."

अण्णांचा हात वर गेला. त्यांनी मला शाळेत, घरात, एसटीच्या थांब्यावरसुद्धा मारलेलं होतं, हातातली ताकद मला ठाऊक होती. पण तो हात हवेतच राहिला. आई पायली घेऊन पिंपाशी तशीच उभी. गोठ्यात राणीने मान हलवली. टण्ण. अण्णांनी त्या आवाजाच्या दिशेने बघितलं. चकतीचं मी अजून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

ते उठून गोठ्यात गेले. किती वेळ तिथे होते कोण जाणे, मी म्हणेन दोन तास, आई म्हणायची दहा मिनिटं. ह्या एका बाबतीत आईचं खरं धरा. परत आले तेव्हा हातात घाटीवरून सोडवलेली चकती होती आणि डोळे लाल. "त्यांच्या मांडीवर बसून मी बाराखडी गिरवलीय," म्हणाले. "म्हातारा राणीच्या खापरपणजीला बैल म्हणून खपवायचा. थापाड्या होता एक नंबरचा." मग माझ्याकडे वळून, "तुझ्यासारखाच."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण दुपार कलायच्या आत शाळेत जाऊन कारागिरासमोर उभे राहिले. दगड बदलायला वेळ नव्हता, म्हणून राघोजींची ओळ घासून काढून त्या जागी दुसरी ओळ कोरायची आणि राघोजींचं नाव यादीच्या तळाशी घालायचं ठरलं. जागा घासल्यामुळे तिथे थोडा खळगा पडला, तो अजून आहे. पाऊस पडला की पाणी साठतं त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी आंघोळ करून, निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला कोट चढवला, मेडल ताम्हनात ठेवलं, वर रुमाल घातला. "चल," म्हणाले. वाटेत कोणी भेटलं तर काय सांगायचं ह्या भीतीने आम्ही बांधाबांधाने गेलो. मास्तर कोट घालून, ताम्हन घेऊन शेतातून चाललेत आणि मागून मी, हे दृश्य बघून एका गुराख्याने आम्हाला नमस्कारच केला.

द्वारकाआजी अंगणात सुपात वाल निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले आणि उभ्याने, शाळेत धडा वाचावा तसं, सगळं सांगितलं. नंबर. लढाई. बेपत्ता. मृत. राघोजींनी घेतलेलं मेडल. राघोजींनी सांगितलेली खजुराची बाग. एकही शब्द गाळला नाही. शेवटी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या वडलांना मी देवळातसुद्धा इतकं वाकलेलं बघितलं नव्हतं.

"तुमचा बाप पळाला नव्हता, आजी. माझा आजोबा खोटं बोलला. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही या."

द्वारकाआजीने वालातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"ठेवा तितं," ती म्हणाली.

अण्णांनी मेडल सुपाच्या कडेला ठेवलं. आम्ही उभे राहिलो. ती वाल निवडत राहिली. काहीतरी बोलेल, रडेल, शिव्या देईल, निदान 'जल्लं तुमचं तोंड' तरी म्हणेल, असं वाटलं. तिने आणखी एक खडा टाकला. अण्णा रिकामं ताम्हन घेऊन वळले. परतताना आम्ही बांधाने गेलो नाही, सरळ रस्त्याने गेलो. अण्णा एकदाच बोलले. "येणार नाही ती."

सव्वीसला गाव लोटलं होतं. माझ्या हिशोबाने दहा हजार, पण शाळेच्या मैदानात चारशेच्या वर माणूस मावत नाही हेही खरं. अण्णा माइकसमोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. मागून पोरं ओरडली, "मास्तर, मोठ्यान!" अण्णांना मोठ्याने बोला म्हणून सांगावं लागलं, असा तो दिवस. मग बोलले. माझे आजोबा राघोजी लंगरी होते, त्यांनी पलटणीला जेवू घातलं, त्यांचं नाव यादीत खाली आहे. सर्वांत वर नाव आहे सिपाई सोनूचं, जो लढाईत गेला आणि ज्याला आपण सगळ्यांनी, माझ्या घराने सर्वांत आधी, पळपुटा म्हटलं. बाकड्यांवर कुजबुज उठली, कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. सभापतींनी पडदा ओढला. मी माणसांकडे बघतच नव्हतो, मी फाटकाकडे बघत होतो.

ती फाटकाशी उभी होती. काळी छत्री टेकून, आत न येता. पडदा पडल्यावर तिने शिळेकडे बघितलं, वाचता तर येत नव्हतं, आणि वळून चालू लागली.

मी गर्दीतून धावलो आणि व्हाळापाशी तिला गाठलं. पावसाळ्यात फुगणारा आमचा व्हाळ जानेवारीत घोट्याएवढा असतो, दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचं. पलीकडची वाट एक खालच्या वाडीला, एक रत्नागिरीच्या रस्त्याला. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. मी दसऱ्याच्या बोलण्याची माफी मागितली, ती ऐकली की नाही कळलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही म्हणून, मी म्हटलं, "आजी, आज तुझी आई असायला हवी होती. बिचारीला कळलंच नाही कधी. जन्मभर वाट बघत कुंकू लावत राहिली."

द्वारकाआजी मधल्या दगडावर थांबली. छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली.

"आयेला ठावं व्हतं," ती म्हणाली. "बापाच्या मागची सरकारची पेन्शन व्हती. रत्नांग्रीला आंगठा लावायला जायची. जाताना ह्या व्हाळावर कुंकू पुसायची, येताना लावायची. पानी मीच घालायची हातावर."